घरात कुणाला होता का?

दीपकने फ्रिजमधून इंजेक्शनची पेटी काढून ओट्यावर ठेवली आणि घड्याळाकडे पाहिलं. त्याचा गारवा जाईपर्यंत थांबायचं असतं, हे दवाखान्यातल्या सिस्टरने त्याला पहिल्याच दिवशी शिकवलं होतं आणि तेव्हापासून तो कधी घाई करत नसे. मधल्या वेळात हात धुऊन, कोरडे करून तो दर्शनाच्या शेजारी बसला. मागच्या वेळी उजवी बाजू होती, आता डावी, असं स्वतःशीच पुटपुटत त्याने तिच्या पोटावरची जागा स्पिरिटच्या बोळ्याने पुसली.

"श्वास घे."

तिने घेतला.

"आता सोड."

सुई आत गेली. दर्शनाने डोळे मिटले नव्हते. ती खाली झुकलेल्या त्याच्या डोक्याकडे बघत होती. भांगाशी पांढरे केस दिसायला लागले होते. शिवडीच्या गोदामात दिवसभर ट्रकवाल्यांवर ओरडणाऱ्या माणसाचा हात इतका हलका कसा, याचं तिला दर वेळी नवल वाटायचं.

"दुखलं?"

"नाही हो."

"बोटं मिटून दाखव."

तिने मूठ मिटली. पूर्ण मिटली. दीपक हसला, जणू ती मूठ त्यानेच घडवली होती.

दर्शना साड्या नेसवायची. परळ, लालबाग, हिंदमाता, दादर, इथल्या कितीतरी नवऱ्या मुली तिच्या हातची नऊवारी नेसून बोहल्यावर उभ्या राहिल्या होत्या. तिच्या निऱ्या पट्टीने आखल्यासारख्या पडायच्या आणि काष्टा असा बसायचा की मुलगी वरातीत नाचली तरी सुटायचा नाही. पण तीन वर्षांपूर्वी तिची बोटं सकाळी मिटता मिटेनाशी झाली. आधी वाटलं, काम जास्त झालं. मग सांधे सुजले, तापले, मनगटं धरली. आणि एका मुहूर्ताच्या सकाळी दादरच्या हॉलमध्ये समोर नवरी उभी असताना दर्शनाच्या चिमटीतून सगळ्या निऱ्या सुटून जमिनीवर पसरल्या. नवरीच्या आईने फक्त घड्याळाकडे बघितलं. दर्शना तशीच खाली बसून राहिली.

संधिवाताच्या डॉक्टर दादरलाच होत्या. शांत बाई, समोरच्याचं बोलणं पुरं होऊ द्यायच्या. गोळ्या झाल्या, त्या वाढवून झाल्या, जोडीला स्टिरॉइड झालं. तरी हात ऐकेनात, तेव्हा त्यांनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं.

"आपल्या पेशी एकमेकींना निरोप पाठवत असतात. शत्रू आला, धावा, असे. त्या निरोपांना सायटोकाइन म्हणतात. तुमच्या सांध्यांत शत्रू कुणीच नाही, पण निरोप थांबत नाहीत. मग शरीराचंच सैन्य शरीराचे सांधे कुरतडत बसतं. त्यातला एक निरोप्या फार गडबड्या आहे, टीएनएफ नावाचा. हे इंजेक्शन त्यालाच गप्प करतं."

"म्हणजे हात पूर्वीसारखे होतील?" दर्शनाने विचारलं.

"आशा आहे. पण आधी एक बघायचं. एक्स-रे साफ आहे, टीबीची चाचणीही निगेटिव्ह आली आहे. मात्र तुम्ही स्टिरॉइड घेता, त्यामुळे ती चाचणी फसवू शकते. म्हणून मी तोंडी विचारते. घरात कुणाला टीबी होता का? आत्ता, मागे, कधीही?"

दर्शना आठवायला लागली. पण दीपकने तिच्याआधीच उत्तर दिलं.

"नाही मॅडम. आमच्याकडे कुणालाच नाही."

डॉक्टरांनी मान हलवली आणि लिहायला घेतलं.

इंजेक्शनांनी खरोखर जादू केली. महिन्याभरात दर्शना स्वतःच्या हाताने वेणी घालू लागली. मग भाकरी थापली. मार्गशीर्षात तिने पुन्हा पहिली नवरी नेसवली आणि घरी येऊन सासूबाईंच्या पाया पडली. रमाबाईंनी तिचे दोन्ही हात हातात घेऊन उलटसुलट करून पाहिले.

"बरी झालंस गो बाय," त्या म्हणाल्या आणि पदराने डोळे टिपले.

त्याच दिवसांत श्रेयाचं लग्न ठरलं. श्रेया म्हणजे दीपकची धाकटी बहीण. दर्शना या घरात आली तेव्हा ती चौथीत होती. तिला अभ्यासाला बसवणं, तिच्या उवा काढणं, पुढे कॉलेजात तिची बाजू घेऊन सासूशी भांडणं, हे सगळं दर्शनाने केलं होतं. दर्शनाला मूल झालं नाही, आणि श्रेया असल्यामुळे ते तितकंसं सललंही नाही. आदल्या वर्षी तिचे हात अगदी निकामी झाले होते तेव्हा श्रेयाच तिच्या खोलीत झोपायची, पहाटे तिची बोटं कोमट पाण्यात धरून एकेक उलगडायची. पुढे श्रेयालाच खोकला धरला. उन्हाळाभर तो हटेना. मुंबईची हवा मानवत नाही, म्हणून तिला कणकवलीला मावशीकडे पाठवलं. ऑफिसने घरून काम करायला परवानगी दिली होती. गणपती, दिवाळी तिकडेच करून ती परत आली ती चांगली भरलेली, तुकतुकीत होऊन. आल्या आल्या दर्शनाच्या गळ्यात पडून रडली. घरची आठवण येत असणार, असं दर्शनाला वाटलं होतं. आता नवरा मुलगा परळचाच होता, स्वप्नील, आणि मुहूर्त वैशाखातला.

माघ सरता सरता दर्शनाला संध्याकाळचा ताप येऊ लागला. दगदग झाली असेल, म्हणून तिने अंगावर काढला. ब्लाउज ढिले झाले. जिना चढताना बरगडीखाली कळ येऊ लागली आणि एके दिवशी श्वास पुरेना. फुप्फुसाच्या आवरणात पाणी झालं होतं. ते काढलं, तपासलं. टीबी निघाला.

इंजेक्शन बंद करताना डॉक्टरांचा चेहरा उतरला होता.

"ज्या निरोप्याला आपण गप्प केलं, त्याच्याकडे आणखी एक काम असतं. टीबीचे जंतू शरीरात येऊन झोपलेले असले तर त्यांच्याभोवती भिंत उभी करायची आणि पहारा ठेवायचा. तो गप्प झाला की पहारा उठतो." त्या थांबल्या. "जंतू आले कुठून, हे मात्र कळत नाही. मुंबईत कुठूनही येतात म्हणा."

"हो ना," दीपक म्हणाला.

गोळ्या सुरू व्हायच्या आदल्या दुपारी श्रेया ऑफिसातून लवकर आली. दोघींनी तोंडाला मास्क लावले होते, खिडकी सताड उघडी होती. लग्न तोंडावर आलेलं, तू बाहेर बस, असं दर्शना म्हणत होती. श्रेया ऐकेना. तिने गोळ्यांचं पाकीट उलटसुलट करून पाहिलं आणि वहिनीच्या उशाशी ठेवलं.

"सकाळी उपाशीपोटी घे. थोडं मळमळेल. आणि उद्या लघवी केशरी होईल, घाबरू नकोस हं. मी तर पहिल्या दिवशी ओरडलेच होते. मावशी पोळपाट टाकून धावत आली."

दर्शना चादरीची घडी घालत होती. तिचे हात थांबले.

"कधी?"

"कणकवलीला गं." श्रेया हसली, आणि मग वहिनीचे डोळे बघून तिचं हसणं विरलं. "वहिनी, तुला माहीत आहे ना?"

"मला काय माहीत आहे, श्रेया?"

बाहेर कुणीतरी लिफ्टचं दार ओढून लावलं. श्रेयाने मास्क खाली ओढला, पुन्हा वर केला.

"दादा म्हणाला, वहिनीला सगळं सांगितलंय. म्हणाला, तू मात्र तिच्यापाशी विषय काढू नकोस. तुला लाज वाटू नये म्हणून ती मुद्दाम गप्प आहे, तिचा मान राख. मी आले त्या दिवशी तुझ्या गळ्यात पडले ना, ते म्हणूनच. मला वाटलं, किती मोठं मन आहे हिचं. सहा महिने गोळ्या खाऊन आलेल्या मुलीला एका शब्दाने..."

तिचे डोळे वाहायला लागले. दर्शनाने हातातली चादर उशीवर ठेवली. तिला डॉक्टरांची खोली दिसत होती. टेबलावरचा सांध्यांचा प्लास्टिकचा नमुना, आणि शेजारी बसलेला दीपक. तो अडखळला नव्हता. डॉक्टरांच्या डोळ्यांत बघून, अगदी सहज, नाही मॅडम म्हणाला होता.

"तू रडू नकोस," ती श्रेयाला म्हणाली. "तुझा काय दोष."

संध्याकाळी दीपक संत्री घेऊन आला. दर्शनाने त्याला चप्पल काढू दिली.

"श्रेयाला टीबी झाला होता."

पिशवी त्याच्या हातातच राहिली. स्वयंपाकघरातला भांड्यांचा आवाज थांबला.

"तुझा एक्स-रे साफ होता," तो म्हणाला. "टेस्टपण निगेटिव्ह होती."

"अहो, मॅडमनी विचारलं होतं. मी शेजारी बसले होते."

"तेव्हा तुला किती दुखत होतं, आठव. मला वाटलं, सांगितलं तर इंजेक्शन लांबणीवर पडेल. तुझे हाल बघवत नव्हते मला."

ते खरं असावं, असं दर्शनाला फार वाटलं. त्याने आणखी एकदा म्हटलं असतं तर तिने कदाचित विश्वासही ठेवला असता. पण रमाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या.

"त्याका कित्याक बोलतंस? शपथ मी घातलंय त्याका. भायर कळला असता तर माझ्या चेडवाचा लगीन झाला असता?"

"मी बाहेरची होते का, आई?"

"तू खंय भायरची? तू घरातलीच मां."

हे त्या मनापासून म्हणाल्या. दर्शना त्यांच्याकडे बघत राहिली. या बाईने आपले हात हातात घेतले होते, डोळे टिपले होते, तेही मनापासूनच असणार. दीपकने संत्र्यांची पिशवी टेबलावर ठेवली आणि पाणी प्यायला आत गेला.

इंजेक्शन बंद झाल्यावर थोड्या दिवसांत हात पुन्हा सुजले. बोटं मिटून आली. लगीनसराईची ठरलेली सगळी कामं तिने फोन करून दुसऱ्या बाईला देऊन टाकली. सकाळी दीपक नेहमीसारखा यायचा आणि तिच्या ब्लाउजचे हुक लावायला हात पुढे करायचा. त्याचा हात अजूनही तितकाच हलका होता. तिला नको म्हणायचं असायचं, पण स्वतःला लावता येत नव्हते. चार दिवस तिने भिंतीकडे बघत लावून घेतले. पाचव्या दिवसापासून ती गाऊन घालू लागली.

पुढच्या तपासणीला दीपक निघाला, तेव्हा दर्शना म्हणाली, "श्रेया येतेय माझ्याबरोबर."

डॉक्टरांसमोर श्रेयाने सगळं एका दमात सांगितलं. कधी खोकला सुरू झाला, किती दिवस ती वहिनीच्या खोलीत झोपत होती, कुठल्या गोळ्या किती महिने घेतल्या. डॉक्टरांनी मध्ये अडवलं नाही. शेवटी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

"हे तुम्हाला तेव्हा कळलं असतं तर..." दर्शनाने विचारलं. "तर इंजेक्शन मिळालंच नसतं?"

"मिळालं असतं की. आधी प्रतिबंधाच्या गोळ्या सुरू केल्या असत्या. महिनाभर थांबलो असतो आणि मग इंजेक्शन दिलं असतं."

"महिनाभर?"

"साधारण. तरी झालाच नसता, असं मी छातीठोक सांगणार नाही. पण टळण्याची शक्यता खूप होती."

परत येताना दोघींच्या टॅक्सीला हिंदमाताच्या पुलाखाली सिग्नल लागला. साड्यांच्या दुकानांबाहेर पुतळ्यांना तयार नऊवाऱ्या चढवल्या होत्या, शिवून घेतलेल्या, निऱ्या आधीच टाचलेल्या. दर्शनाने नजर वळवली.

"मी स्वप्नीलला सांगणार आहे," श्रेया म्हणाली. "आजच."

हा विचार दर्शनाच्याही मनात येऊन गेला होता. एक फोन करायचा, दोन वाक्यं बोलायची आणि मग आईंच्या तोंडाकडे बघत बसायचं. त्या विचाराने तिला बरं वाटलं होतं, आणि बरं वाटलं म्हणूनच तिने तो बाजूला सारला होता.

"लग्न मोडलं तर?"

"मोडू दे."

"माझ्यासाठी करू नकोस."

"तुझ्यासाठी नाही गं. त्यालाही कुठल्यातरी डॉक्टरने कधीतरी विचारलं तर? घरात कुणाला होता का म्हणून. त्याने काय सांगायचं?"

दर्शनाने आपला वाकडा पंजा तिच्या हातावर ठेवला.

रविवारी दुपारी स्वप्नीलचे आईवडील न कळवता आले. दीपकने पंखा वाढवला, खुर्च्या सरकवल्या, पुन्हा पहिल्या जागी नेल्या. श्रेया स्वयंपाकघराच्या दारात उभी होती आणि तिची नजर जमिनीवर होती. आता दर्शनापासून कुणाला लागण व्हायची भीती नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. तरी ती मास्क लावून आतल्या खोलीच्या उंबऱ्याशी स्टुलावर बसली.

स्वप्नीलचे वडील, राजाराम, गिरणीत जॉबर, म्हणजे कामगारांचे मुकादम होते. गिरणी गेल्यावर त्यांनी रंगाचं दुकान टाकलं. त्यांनी पाण्याचा पेला रिकामा केला, तोंड पुसलं.

"पोरीने पोराला सांगितलं, पोराने आम्हाला," ते म्हणाले.

रमाबाईंनी देव्हाऱ्याकडे पाहिलं.

"आम्ही दोघं हसलो. अहो, हिला झाला होता, स्वप्नील व्हायच्या आधी. दोन महिने शिवडीच्या टीबी हॉस्पिटलात होती. मी डबा घेऊन जायचो. माझा थोरला भाऊ त्याच्यातच गेला. गिरणगावात कुणाच्या घरी नाही झाला, ते सांगा बघू! बरी झाली ना पोर? मग झालं. हेच सांगायला आलो. फोनवर बोललो असतो तर तुम्हाला वाटलं असतं, तोंडदेखलं बोलतायत."

त्यांच्या बायकोने श्रेयाला जवळ बोलावलं आणि शेजारी बसवून घेतलं. "खातेस ना नीट?" एवढंच विचारलं. श्रेया रडायला लागली. रमाबाई उठून शिरा करायला आत गेल्या, आणि भांडी वाजायला लागली ती जरा जास्तच जोरात. राजाराम मग उंबऱ्याकडे वळले.

"आणि तुम्ही कशा आहात वहिनी? हातांचं फार झालंय म्हणे."

"औषध चालू आहे," दर्शना म्हणाली. "हे संपल्यावर हातांचं बघू, म्हणाल्या मॅडम. दुसरं काहीतरी देतील."

"लग्नाला बसून राहायचं नुसतं. उठायचं नाही. हुकूम सोडायचे."

ती हसली. मास्कमुळे ते कुणाला दिसलं नाही.

शिरा झाला, चहा झाला, मुहूर्ताची बोलणी झाली. हॉलवर किती वाजता पोचायचं, यावर थोडी गमतीची भांडणं झाली. दीपक तर कितीतरी महिन्यांत हसला नव्हता असं हसत होता. त्यांना खालपर्यंत सोडून तो वर आला तेव्हा त्याचा चेहरा मोकळा, तरुण दिसत होता. लग्न झालं तेव्हा असाच दिसायचा. श्रेया आईला मदत करायला आत गेली होती. दीपक कपबश्या गोळा करू लागला. एकात एक कप ठेवत तो दर्शनापाशी आला. तिच्या स्टुलाजवळच्या खुर्चीवर टेकला आणि समाधानाने मोठा श्वास सोडला.

"बघ," तो म्हणाला. "उगीच घाबरलो होतो आपण."

दर्शनाने मास्क उतरवला, मांडीवर ठेवला.

"आम्ही म्हणा."

"काय?"

"उगीच घाबरलो होतो आम्ही," ती शांतपणे म्हणाली. "असं म्हणा."